मुरमाच्या वाटेवरचा टायर

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. निरा डाव्या कालव्याच्या भरावावरून मी सायकलनं बारामतीकडे निघालो होतो. डांबर सोडून तासभर झाला असेल, तेवढ्यात मागचं चाक बसलं. घाईघाईत ट्यूब बदलली, हवा मारली, निघालो. दोन किलोमीटरवर ते पुन्हा बसलं. या वेळी टायर उलटा करून आतून बोट फिरवलं, तेव्हा उलगडा झाला. सराट्याचे काटे टायरमध्ये तसेच रुतून बसलेले होते आणि नवी ट्यूब मी त्यांच्यावरच चढवली होती. नखानं एकेक उपसला, अकरा भरले. सायकल ढकलत फाट्यावर पोचलो. पंक्चरवाल्या मामांनी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, फिरवली आणि बुडबुड्यांच्या माळेकडे बघत म्हणाले, “साहेब, कुठली कुठली बुजवू? चाळण झालीय हिची.”

ट्यूब की ट्यूबलेस, हा प्रश्न ग्रॅव्हल बाइक घेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच पडतो. ट्यूबलेसवाले म्हणतात, एकदा करून घे, पंक्चर विसरून जाशील. ट्यूबवाले म्हणतात, त्या चिकट पाण्याच्या नादी लागू नकोस. दोघंही आपापल्या रस्त्याविषयी खरंच बोलत असतात. म्हणून माझं म्हणणं असं, की आधी रस्ता बघावा, मग टायरची रुंदी ठरवावी, मग हवा. ट्यूबचा विचार त्यानंतर.

रस्त्याचीच गोष्ट आधी करू. ग्रॅव्हल या एका इंग्रजी शब्दासाठी आपल्याकडे निदान चार शब्द आहेत आणि चारींचा स्वभाव वेगळा. मुरूम दाबून बसलेला असेल तर डांबरासारखा पळतो, पण वळणावर सैल मुरूम साचला असेल तर पुढचं चाक सरकतं. नव्या रस्त्यावर पसरलेली, अजून रोलर न फिरलेली खडी टोकदार असते आणि टायरच्या कडेला लागते. नदीकाठची रेव चाक गिळते. कोकणातला जांभा उन्हाळ्यात खरखरीत, तर पावसात शेवाळून निसरडा. वर आपली काळी माती आहेच. ती कोरडी असेपर्यंत छान, एक सर आली की टायरला थापून बसते आणि चाक फ्रेमच्या दांड्यात अडकून फिरायचंच थांबतं.

ग्रॅव्हल हा सायकलीचा प्रकार जिथे नावारूपाला आला, त्या अमेरिकेतल्या कॅन्ससमध्येही हाच चिखल आहे. एम्पोरिया या गावातून २००६ साली सुरू झालेली, आज ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावानं ओळखली जाणारी शर्यत साधारण ३२२ किलोमीटरची, म्हणजे २०० मैलांची. २०२३ मध्ये सुरुवातीच्याच टप्प्यात असा चिखल लागला, की जगातले नामांकित स्वार सायकली खांद्यावर घेऊन चालत होते आणि काडीनं माती खरवडत होते. पण त्या भागाची खरी ओळख गारगोटीसारख्या चकमकीच्या दगडांची. फुटला की त्याला सुरीची धार येते आणि ती टायरची बाजू उभी चिरते. म्हणून तिथल्या स्वाराची पहिली चिंता चिरेची असते. आपल्या पठारावर पहिली चिंता काट्याची असायला हवी. परदेशी परीक्षणं वाचून टायर घेताना हा फरक विसरला जातो आणि मग दोष टायरला दिला जातो.

आता रुंदीकडे येऊ. आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलीचा टायर आठवा. त्यावर २८ × १½ असं लिहिलेलं असायचं, म्हणजे रुंदी जेमतेम ४० मिलीमीटर. आज ग्रॅव्हल बाइकला जो टायर सर्वसाधारण धरला जातो, त्याची रुंदीही तेवढीच. दुधाच्या किटल्या, पोस्टाची थैली, मागे बसलेलं माणूस, एवढं सगळं घेऊन त्या सायकली याच मुरमावरून चालल्या. मधल्या काळात रेसर सायकलींच्या २३ मिलीमीटरच्या टायरनी आणि शंभर पीएसआयच्या पुढच्या हवेनं ‘अरुंद आणि टणक म्हणजे वेगवान’ ही समजूत घट्ट केली. ती सैल करण्यात सिएटलच्या ‘बायसिकल क्वार्टर्ली’ या त्रैमासिकाचे यान हाइन यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत ड्रमऐवजी खऱ्या रस्त्यावर, खऱ्या माणसाला सायकलवर बसवून मोजमापं घेतली. खडबडीत पृष्ठभागावर टणक टायर सायकल आणि स्वार दोघांनाही हादरवतो आणि त्या हादऱ्यात ताकद वाया जाते. लवचीक, रुंद टायर तो हादरा स्वतःत जिरवून पुढे जातो. आता तर शर्यतीतले लोक ५० मिलीमीटरच्याही पुढे गेले आहेत.

रुंदी निवडताना मात्र फ्रेममधली जागा मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. टायर आणि दांडा यांच्यात दोन्ही बाजूंना निदान ५-६ मिलीमीटर मोकळे हवेत, काळ्या मातीच्या भागात त्याहून जास्त. छापलेली रुंदी आणि प्रत्यक्ष रुंदी एक नसते हेही ध्यानात ठेवावं. रिम आतून जितकी रुंद, तितका टायर पसरतो. १९ मिलीमीटरच्या रिमवर ४० भरणारा टायर २५ च्या रिमवर ४२ च्या आसपास जातो. दुकानातच कॅलिपर लावून मोजलेलं बरं. पुणे, सातारा, नाशिक या पट्ट्यात डांबर आणि मुरूम निम्मंनिम्मं चालवणाऱ्याला ४० ते ४२ पुरतो. सामान बांधून चार दिवस फिरणाऱ्यानं ४५ घ्यावा.

आकड्यांच्या घोळात अनेकांचे पैसे वाया जातात, म्हणून एक खुलासा. टायरच्या बाजूवर ४०-६२२ असं काहीतरी कोरलेलं असतं. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास. दोन्ही मिलीमीटरमध्ये. भरवसा याच जोडीवर ठेवायचा. सातशे-सी म्हणजे ६२२, आणि माउंटन बाइकचा ‘२९ इंची’ही ६२२ च. साडेसहाशे-बी आणि ‘साडेसत्तावीस इंची’ दोन्ही ५८४. पण वर सांगितलेली काळी सायकल ६३५ ची. तिचा २८ चा टायर आणि ग्रॅव्हलचा सातशे-सी यांच्या व्यासात १३ मिलीमीटरचा फरक आहे. गावच्या दुकानदारानं ‘अठ्ठावीसचाच आहे की’ म्हणून तो पुढे केला, तर कितीही खटपट करा, तो बसायचा नाही.

हवेबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वात स्वस्त सुधारणा इथेच होते. माझं वजन सत्तरच्या घरात आहे. ४० च्या टायरमध्ये ट्यूब असताना मी पुढे ३८ आणि मागे ४१ पीएसआय ठेवायचो. ट्यूबलेस केल्यावर पुढे ३० आणि मागे ३३ वर आलो. मागे जास्त, कारण भार मागच्या चाकावर जास्त. सामान बांधलं की मागे आणखी दोन-तीन. हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. आपल्या वजनाप्रमाणे सुरुवात करून दर फेरीला दोन-दोननं उतरत जावं. दगडावरून जाताना रिमला ‘ठक्’ असा आवाज आला की समजावं फार उतरलो, दोन वाढवावेत. तासाभरात तळहात बधिर होत असतील तर हवा जास्त आहे. उभ्या पंपाचा काटा एवढ्या कमी दाबाला भरवशाचा नसतो. त्यापेक्षा हातात मावणारा डिजिटल गेज घ्यावा, महागड्या हातमोज्यांच्या आधी घ्यावा.

ट्यूब असताना हवा जास्त ठेवावी लागते याचं कारण तो सुप्रसिद्ध ‘सापाचा दंश’. टायर दगडावर आपटला की ट्यूब दगड आणि रिम यांच्या चिमट्यात सापडते आणि तिला शेजारी-शेजारी दोन फटी पडतात. ट्यूबच नसेल तर चिमटायला काही राहत नाही. कमी हवेत बिनधास्त जाता येतं, हा ट्यूबलेसचा पंक्चर न होण्याइतकाच मोठा फायदा, आणि घाटातल्या दगडी उतारावर तो खऱ्या अर्थानं जाणवतो.

नक्षीबद्दल थोडक्यात. मधोमध बारीक, जवळजवळ गुंफलेले आणि कडेला थोडे उठावदार ठोकळे असलेला टायर आपल्याकडे आठ महिने चालतो. चिखलात ठोकळे दूर-दूर असलेले हवेत, म्हणजे माती अडकत नाही. पण पावसाळ्यातल्या काळ्या मातीला कुठलीच नक्षी पुरी पडत नाही. तिथे रस्ता बदलणं हाच उपाय. ठोकळ्यांपेक्षा टायरच्या अंगाकडे बघावं. बोटांनी दाबल्यावर सहज दबणारं पातळ अंग वेगवान असतं, जाड अंग चिरेला टिकतं. जपानच्या पॅनारेसरचा ग्रॅव्हलकिंग, जर्मनीच्या श्वालबेचा जी-वन अशा नावाजलेल्या टायरमध्येही एकाच नावाखाली पातळ आणि जाड अशा वेगवेगळ्या आवृत्त्या मिळतात, तेव्हा नुसतं नाव सांगून मागवू नये.

आता ट्यूब. बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८७-८८ मध्ये मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला, तेव्हा तो चाकाला चिकटवलेला असायचा. पंक्चर काढणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. फ्रान्सच्या मिशलँ बंधूंनी काढता-घालता येणारा टायर आणला आणि १८९१ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ त्याच टायरवर पहिले आले. त्याच नावाच्या १२०० किलोमीटरच्या फेरीसाठी आज पुण्या-मुंबई-नाशिकचे सायकलस्वार रात्र-रात्र ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेतल्या लांबच्या फेऱ्या, पूर्ण करत असतात. काढता येणारा टायर आणि आत सुटी ट्यूब ही जोडी इतकी सोपी, की खेड्यातल्या कुठल्याही माणसाला ती दुरुस्त करता येते. ट्यूबलेस सायकलींमध्ये उशिरा आलं. माविक, मिशलँ आणि हचिन्सन यांनी १९९९ मध्ये माउंटन बाइकसाठी यूएसटी ही पद्धत आणली, आणि पुढे सीलंटमुळे, म्हणजे टायरमध्ये राहून भोकं बुजवणाऱ्या त्या चिकट पाण्यामुळे, ती हलकी झाली व सगळीकडे पसरली.

साध्या काळ्या ब्युटिल ट्यूबला आजही तोड नाही. स्वस्त आहे, हवा धरून ठेवते, आणि घासपेपर, सोल्युशन, ठिगळ एवढ्यात बरी होते. टीपीयूच्या प्लॅस्टिकसारख्या पारदर्शक ट्यूब वजनाला तिच्या तिसऱ्या हिश्शाच्या असतात आणि मुठीत मावतात. जवळ बाळगायला त्या उत्तम. पण त्यांना नेहमीचं सोल्युशन चालत नाही, वेगळं ठिगळ लागतं, आणि ते फाट्यावरच्या दुकानात मिळणार नाही.

मधला एक मार्ग कमी लोक वापरतात. व्हॉल्व्हची कळ काढता येणारी ट्यूब घ्यायची आणि तिच्यातच ३०-४० मिलिलिटर सीलंट सोडायचं. बारीक काट्यांची भोकं आतल्या आत बुजतात, रिमला टेप लावावी लागत नाही, टायरही साधा चालतो. दंशाचा धोका मात्र तसाच राहतो. माझ्या पुतणीच्या सायकलीला मी हेच केलंय. रोज कॉलेजला जाणाऱ्या सायकलीला ट्यूबलेसचा खर्च करायची गरजच नाही.

काट्यांचा हिशेब इथे मांडतो. सराटा, म्हणजे गोखरू, पावसाळ्यात जमिनीलगत पसरतो. पिवळी नाजूक फुलं येतात. दिवाळीच्या सुमारास वेल वाळतो आणि फळाच्या फाका सुट्या होतात. प्रत्येक फाकेला दोन मोठे टोकदार काटे अशा कोनात असतात, की ती कशीही पडली तरी एक वर राहतोच. हीच वनस्पती अमेरिकेच्या पश्चिम भागात पोचली आहे, तिथले लोक तिला ‘बकरीचं डोकं’ म्हणतात आणि तिथल्या सायकलवाल्यांनाही ती आपल्याइतकीच छळते. दुसरा काटा बाभळीचा. लांब, सरळ, पांढरा. शेताला घातलेली काटेरी वई वाऱ्यानं रस्त्यावर येते, कुंपण छाटल्यावर फांद्या वाटेतच पडून राहतात. वेडी बाभूळ तर कालव्यांच्या कडेनं मैलोन् मैल आहे. सराट्याचा काटा आखूड, तो ट्यूबला टाचणीएवढी भोकं पाडतो, पण पुष्कळ. बाभळीचा एकच पुरतो, कधी ट्यूबच्या वरून शिरून खालूनही निघतो. दोन्ही भोकं सीलंटच्या आवाक्यातली. म्हणून नोव्हेंबर ते मे या काळात पठारावर नियमित फिरणाऱ्यानं ट्यूबलेस करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या अकरा काट्यांनंतर मीही केलं. पुढच्या हंगामात टायरमधून याहून जास्त काटे काढले, आणि एकदाही रस्त्यात थांबावं लागलं नाही.

बसवण्याचं काम अवघड नाही, पण त्यात घाई चालत नाही. पहिल्यांदा टायर आणि रिम दोघांवरही ‘ट्यूबलेस रेडी’ लिहिलंय ना, ते बघावं. आतल्या कडेला वळलेला हुक नसलेल्या सरळ भिंतींच्या, म्हणजे हुकलेस रिमवर तर ट्यूब घालून चालवायचं असलं तरी साधा टायर चालत नाही, आणि हवा ५ बारच्या, म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर न्यायची नाही. मग रिमची जुनी पट्टी काढून स्पिरिटनं आतली बाजू लख्ख पुसावी. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलीमीटर जास्त हवी. व्हॉल्व्हच्या भोकापासून लांब सुरुवात करून ती ताणून, अंगठ्यानं दाबत फिरवावी आणि शेवटी वीतभर एकावर एक चढवावी. खाली एकही बुडबुडा राहू देऊ नये. निम्मी अपयशं या टेपमुळेच येतात.

त्यानंतरची युक्ती मला एका जुन्या मेकॅनिकनं शिकवली. टेप लावली की लगेच ट्यूबलेस करायचं नाही. एक रात्र साधी ट्यूब घालून, हवा भरून चाक भिंतीला टेकवून ठेवायचं. टेप दाबली जाते, टायरच्या घड्या मोडतात आणि दोन्ही कडा आपापल्या जागी बसतात. सकाळी एकाच बाजूची कड सोडवून ट्यूब काढायची, दुसरी बाजू बसलेलीच राहू द्यायची. मी हे पहिल्यांदा केलं ती पहाट अजून आठवते. भोकातून ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह घातला, त्याची चकरी हातानं आवळली. सोडवलेली कड पुन्हा आत घेताना सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून, शेवट व्हॉल्व्हपाशी. रिमच्या मधोमध एक खोलगट चर असतो, कड त्यात ढकलत आणली की शेवटच्या वीतभर भागाला हवी ती ढील मिळते. लोखंडी पान्याची गरज पडत नाही, आणि तो वापरूही नये, टेप फाटते. टायर फारच घट्ट असेल तर पंधरा मिनिटं उन्हात ठेवावा.

कडांना साबणाचं पाणी लावलं, व्हॉल्व्हची कळ काढली आणि पंप जोरात मारायला घेतला. आधी नुसती हवा बाहेर पडल्याचा फुसफुस आवाज. मग टायर फुगायला लागला, आणि ‘फट्’ आणि पाठोपाठ पुन्हा ‘फट्’. कड जागेवर बसल्याचा तो आवाज. चाक हळू फिरवून बघितलं, टायरच्या कडेलगतची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर होती. नसेल तर हवा सोडून पुन्हा साबण लावायचा. साध्या पंपानं जमलं नाही तर पितळी अडॅप्टर लावून पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरवर हवा भरता येते. फक्त टायरवर लिहिलेल्या कमाल दाबावर लक्ष हवं, तो कॉम्प्रेसर ट्रकसाठी असतो. शेवटी हवा सोडून सिरिंजनं व्हॉल्व्हमधून सीलंट. ४० च्या टायरला मी ६० मिलिलिटर घालतो. बाटली आधी खूप हलवावी, छिद्र बुजवणारे कण तळाशी बसलेले असतात. कळ लावून हवा भरायची, चाक आडवं धरून दोन्ही बाजूंनी हलवायचं आणि लगेच पाचेक किलोमीटर फेरी मारून यायचं. कडेला फेसाचे बारीक थेंब दिसले तर घाबरू नये, फेरीत ते बंद होतात.

सीलंटचा शत्रू उन्हाळा. थंड देशांत ते चार-सहा महिने टिकतं, आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये दोन महिन्यांत सुकून रबराच्या वाळक्या कातड्यासारखं होतं. दर दोन महिन्यांनी कळ काढून बारीक काडी आत घालून बघावी, ओली निघाली नाही तर ३० मिलिलिटर वाढवावं. एवढं करायला वेळ नसेल, सायकल महिनोन् महिने जिन्याखाली उभी राहत असेल, किंवा फिरणं मुख्यतः डांबरावर आणि अधूनमधून मुरमावर असेल, तर ट्यूबच घालावी. वाळलेल्या सीलंटचा ट्यूबलेस टायर काट्यापुढे साध्या टायरइतकाच हतबल असतो, शिवाय रस्त्यात सोडवताना हात बरबटतात ते वेगळंच.

भोक तीन-चार मिलीमीटरपेक्षा मोठं असेल तर सीलंट उडतच राहतं. मोटारसायकलच्या ट्यूबलेस टायरमध्ये पंक्चरवाले सुईनं चिकट दोरी ठोसतात, तिचीच बारीक आवृत्ती सायकलसाठी मिळते. ती भोकात खुपसून टोक कापायचं, हवा भरायची. हवेसाठी कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी वापरत असाल तर व्हॉल्व्ह वर करून भरा, त्या गारव्यानं काही सीलंट गोठतात. टायरची बाजूच चिरली असेल तर आतून गेटर, म्हणजे आधाराचा तुकडा, लागतो. जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा मी पिशवीत ठेवतोच.

आणि एक ट्यूबही ठेवतो, ट्यूबलेस असूनही. चिरलेल्या टायरला शेवटी तीच घरी आणते. पण ती घालण्याआधी एक काम असतं. सीलंटनं महिनोन् महिने निमूटपणे बुजवलेले सगळे काटे अजून त्या टायरमध्येच असतात, आतल्या बाजूनं टोकं काढून. व्हॉल्व्ह काढायचा, सीलंट पुसायचं आणि कापसाचा बोळा टायरच्या आतून पूर्ण एक फेरा फिरवायचा. जिथे कापसाचा धागा अडकेल, तिथे काटा आहे.